गट नंबरची तारीख करणाऱ्या एक्सेलला आवरा

एक्सेलमध्ये १२/३ टाइप करा आणि एंटर मारा. डोळ्यांदेखत त्याचं १२-मार्च होतं. ज्याला तारीखच हवी होती तो खूश. पण आपल्याकडे पतसंस्थेत, विकास सोसायटीत, शेतकरी गटात जो माणूस दिवसभर याद्या भरत बसतो, त्याच्यासाठी १२/३ हा सातबाऱ्यावरचा गट नंबर असतो. बारा नंबरचा गट, तिसरा हिस्सा. त्याला मार्च महिन्याशी काय देणंघेणं?

माझं म्हणणं एवढंच, की टाइप केलेलं जसंच्या तसं ठेवणं हा नियम असावा आणि अंदाज बांधून बदलणं ही मागितली तर मिळणारी सोय असावी. सध्या सगळं उलटं चाललंय.

नुसतं दिसायला बदललं असतं तरी चालवून घेतलं असतं. पण त्या सेलमध्ये १२/३ आता उरलेलाच नसतो. एक्सेल तारीख साठवतं ती १ जानेवारी १९०० पासून मोजलेल्या दिवसांचा आकडा म्हणून, आणि वर्ष दिलं नसेल तर चालू वर्ष परस्पर धरून मोकळं होतं. २०२४ मध्ये टाकलेला १२/३ म्हणजे आतून ४५३६३. म्हणून घाईघाईने कॉलमचं फॉरमॅट टेक्स्ट केलं की गट नंबरच्या जागी ४५३६३ येऊन बसतो. त्यात मशीनची रीजन सेटिंग अमेरिकेची (तिथे महिना आधी, दिवस नंतर) राहिली असेल तर हाच नंबर १२ मार्च न होता ३ डिसेंबर होतो. आता दोन मशीनवर भरलेल्या याद्या एकत्र करा आणि तारखेतून दिवस/महिना असा नंबर परत काढायला जा. एका यादीतून १२/३ निघेल, दुसरीतून ३/१२. म्हणजे कागदोपत्री शेत दुसऱ्याच्याच नावावर! ११२/१/अ मात्र तसाच राहतो, कारण त्याची तारीख करणं एक्सेललाही जमत नाही. त्यामुळे कॉलमात काही तारखा, काही मजकूर, आणि सॉर्ट केलं की सगळा राडा.

आधार नंबरची गत वेगळी. बारा अंक टाकले की १.२३४५७ई+११ असलं काहीतरी दिसतं. तोवर खरा नंबर आत शाबूत असतो. पण तीच फाइल सीएसव्ही म्हणून, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला नुसता मजकूर म्हणून, सेव्ह केली, की जे दिसतंय तेच लिहिलं जातं. पुन्हा उघडल्यावर सुरुवातीचे सहा अंक आणि पुढे सहा शून्यं. सोळा अंकी खाते क्रमांक तर टाइप करतानाच जातो, कारण एक्सेल आकड्याचे पंधराच अंक सांभाळतं आणि सोळाव्याचं शून्य करतं. पुण्याच्या लँडलाइनच्या ०२० मधलं पहिलं शून्यही असंच गायब.

ज्या आकड्यांची बेरीज कधीच करायची नसते, ते आकडे नसतातच. ती नावं असतात. आधार, खाते क्रमांक, गट नंबर, हजेरी क्रमांक, सगळी नावंच. एक्सेल मुळात हिशेबासाठी घडवलेलं, आणि आपण ते वापरतो रजिस्टर म्हणून.

हे दुखणं फक्त आपल्या तालुक्यापुरतं आहे असंही नाही. माणसाच्या काही जनुकांची लघुनावं मार्च१, सेप्ट१ अशी होती आणि एक्सेल त्यांच्याही तारखा करायचं. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने नावंच बदलल्याचं जाहीर केलं. मार्च१ चं मार्चएफ१, सेप्ट१ चं सेप्टिन१. सॉफ्टवेअर हटेना म्हणून जनुकांचं बारसं पुन्हा करावं लागलं. मला याचं हसू येतं आणि रागही.

मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये एकदाची सेटिंग दिली. फाइल, ऑप्शन्स, डेटा, तिथे ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन. सुरुवातीची शून्यं काढणं, लांब आकडे ई लावून दाखवणं, अक्षरं-आकडे जोडून आले की तारीख करणं, हे सगळं तिथे बंद करता येतं. नवी आवृत्ती असेल तर आजच करून टाका. पण फार हुरळून जाऊ नका. तारखेची ती खूण काढल्यावर वाचतं ते जॅन१ सारखं सलग लिहिलेलं. मध्ये तिरकी रेघ आली की तारीख होणं थांबत नाही. म्हणजे जनुकवाले सुटले, आपला १२/३ तिथेच अडकलेला.

त्यामुळे जुना उपायच खरा: भरायला बसण्याआधी कॉलम निवडायचा आणि फॉरमॅट टेक्स्ट करायचं. आधी, नंतर नाही. एखाद-दुसरा सेल असेल तर सुरुवातीला एक अपॉस्ट्रॉफी. मग कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येतो, त्याच्याकडे खुशाल दुर्लक्ष करा. सीएसव्ही डबल क्लिक करून उघडू नका, डेटा टॅबमधून आणा आणि डेटा टाइप ओळखू नको असा पर्याय निवडा. गुगल शीट्समध्ये इम्पोर्ट करताना मजकुराचे आकडे आणि तारखा करण्याची खूण काढायची.

पण हे सगळं भरणाऱ्यानेच का करायचं? वरून कोरा तक्ता येतो, खाली टीप असते "माहिती आजच सादर करावी", आणि आधारचा कॉलम जनरल फॉरमॅटमध्ये तसाच सोडलेला. तक्ता बनवणाऱ्याने ते चार कॉलम टेक्स्ट करून पाठवले तर त्याची दोन मिनिटं जातील. आणि सोबत एक ओळ लिहावी: दुसऱ्या शीटमधून कॉपी करत असाल तर पेस्ट स्पेशलमध्ये जाऊन फक्त व्हॅल्यूज पेस्ट करा, नाहीतर जुनं फॉरमॅटही सोबत येतं आणि केलेलं सगळं पाण्यात.