मियागी गुरुजींच्या कराटेबद्दल खुलासा

‘द कराटे किड’ या हॉलिवूडपटातले मियागी गुरुजी, म्हणजे अभिनेते पॅट मोरिता, जपानहून आलेले खरेखुरे कराटेगुरू होते, असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. मोरिता १९३२ साली कॅलिफोर्नियातच जन्मले आणि विनोदी कलाकार म्हणून पुढे आले. मियागींच्या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले, ते अभिनयाचे. १९८४च्या त्या चित्रपटात मारामारीच्या कठीण दृश्यांत त्यांच्या जागी फुमिओ देमुरा उभे राहिले. देमुरा योकोहामाचे, जन्म १९३८चा. शितो-र्यू या कराटेच्या शैलीबरोबरच जपानमधल्या ओकिनावा बेटाच्या जुन्या शस्त्रविद्येत, नुनचाकूत (साखळीने किंवा दोरीने जोडलेल्या दोन दांड्यांच्या शस्त्रात) तर विशेषच, त्यांचा हात बसलेला. १९६५मध्ये ते अमेरिकेला गेले आणि दक्षिण कॅलिफोर्नियात त्यांनी अनेक दशके विद्यार्थी घडवले. २०२३मध्ये त्यांचे निधन झाले. मजकूर पुढे पाठवताना त्यांचे नाव गाळू नका.