मॅकिन्टॉशवाला म्हणजे जॉइस? मला नाही पटत

जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ कादंबरीचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, तो मॅकिन्टॉशवाला कोण? आणि दुसरं कुणीतरी लगेच उत्तर देऊन मोकळं होतं: “स्वतः जॉइस. नाबोकोव्हनं सांगितलंय. तो फक्त नायक ब्लूमलाच दिसतो, म्हणजे त्याचा निर्माताच. दुसरं कुणी बसतच नाही.” कादंबरीकार नाबोकोव्हनं आपल्या व्याख्यानात तसं म्हटलंय, हे खरंच आहे. पण म्हणून कोडं सुटलं का?

प्रसंग असा. १६ जून १९०४, डब्लिनची ग्लासनेव्हिन दफनभूमी, पॅडी डिग्नमचा अंत्यविधी. ब्लूम जमलेली माणसं मोजतो, तर तेरावा निघतो एक अनोळखी, काटकुळा इसम, अंगात मॅकिन्टॉश, म्हणजे रबरी कापडाचा रेनकोट. वार्ताहर हाइन्स हजर असलेल्यांची नावं टिपून घेत असतो. ‘तो तिकडे उभा होता तो, अंगात...’ असं तो विचारतो. ‘मॅकिन्टॉश. हो, पाहिला मी,’ ब्लूम म्हणतो. हाइन्सला वाटतं, हे आडनावच. ब्लूम चूक दुरुस्त करायला जातो, तोवर स्वारी पुढे गेलेली. संध्याकाळच्या पेपरात मॅकिन्टॉश हे गृहस्थ हजर, आणि ब्लूमचं मात्र एक अक्षर गळून झालंय ‘बूम’. आपल्याकडे हे घडतं तर ‘श्री. रेनकोटवाला’ छापून आलं असतं, आणि कुणाला शंकाही आली नसती. असतील कुणी पारशी गृहस्थ!

आता दाव्याकडे. नाबोकोव्हचा सगळा भार नवव्या प्रकरणावर आहे. तिथे स्टीफन, कादंबरीतला दुसरा नायक, तरुण कवी, म्हणतो की शेक्सपिअरनं आपलं नाव नाटकांत लपवलं, जसा जुना इटालियन चित्रकार चित्राच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आपला चेहरा काढून ठेवी. तेव्हा जॉइसनंही तेच केलं असणार. वाचायला छान वाटतं. पण त्याच प्रकरणात पुढे स्टीफनला विचारतात, तुझा स्वतःचा या सिद्धांतावर विश्वास आहे का? तो ताबडतोब म्हणतो, नाही. ज्याचा वकीलच पक्ष सोडून देतो, तो खटला आपण का लढवायचा? शिवाय लेखकाचं नावच हवं असेल तर ते शेवटच्या प्रकरणात उघड्यावर पडलंय: ब्लूमची बायको मॉली वैतागून ‘जेम्सी’ला साकडं घालते, मला यातून उठू दे म्हणून. मला ती सही जास्त खरी वाटते.

‘तो फक्त ब्लूमला दिसतो, म्हणून निर्माता.’ अहो, हाइन्सलाही दिसलाच की. दहाव्या प्रकरणात हाच कोरडा पाव खात व्हाइसरॉयच्या वाटेतून झपझप निघून जातो. चौदाव्यात दारूच्या गुत्त्यातली पोरं त्याला ओळखतात, ‘पाववाला बार्टल’ म्हणून हिणवतात. एकेकाळी बरा खाऊनपिऊन सुखी होता म्हणे, बायको सोडून गेली. बाराव्यात एक वाक्य येतं की तपकिरी मॅकिन्टॉशवाल्याचं एका मृत स्त्रीवर प्रेम आहे. बावीस वर्षांच्या, नुकत्याच नोराच्या (पुढे त्याची बायको झालेल्या) प्रेमात पडलेल्या, त्या १९०४ मधल्या जॉइसला हा अंगरखा फारच ढगळ होतो.

‘दुसरं कुणी बसतच नाही,’ हे तर सरळ चूक. जॉइसच्याच ‘डब्लिनर्स’ या कथासंग्रहातला डफी आहे. त्याची एकेकाळची मैत्रीण मिसेस सिनिको आगगाडीखाली गेली, आणि तिच्या दफनाला आपण इथेच आलो होतो हे ब्लूमला त्याच दफनभूमीत आठवतं. डफी म्हणजे नीटनेटका बँकेतला कॅशियर, त्याला रस्त्यावर पाव खाताना मी काही बघू शकत नाही. पण दावेदार म्हणून तो जॉइसपेक्षा उजवाच.

मुळात मॅकिन्टॉश हे माणसाचंच नाव. १८२३ साली स्कॉटिश रसायनतज्ज्ञ चार्ल्स मॅकिन्टॉशनं त्या कापडाचं पेटंट घेतलं, माणसाचं नाव कोटाला गेलं. हाइन्सच्या पेन्सिलीनं ते परत माणसाला चिकटवलं. ही गंमत सोडून ‘लेखक सापडला’ म्हणत टाळ्या कसल्या वाजवायच्या?

सतराव्या प्रकरणात, रात्री उशिरा, ब्लूमला पुन्हा प्रश्न पडतो: मॅकिन्टॉश कोण होता? उत्तर येत नाही. लगेच त्याला तीस वर्षं मनात घोळत असलेलं दुसरं कोडं येतं: मेणबत्ती विझली तेव्हा मोझेस कुठे होता? पोरासोरांचं कोडं ते, त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे. अंधारात.