कॅमेऱ्याचा लाल फिल्टर एन्लार्जरखाली धरू नका

‘कृष्णधवल प्रिंटचा कॉन्ट्रास्ट वाढवायच्या युक्त्या’ असा एक संदेश सध्या फिल्मवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. तो माझ्या भाचीपर्यंत पोहोचला आणि त्यापायी तिचं मल्टिग्रेड कागदाचं (फिल्टर बदलून कॉन्ट्रास्ट बदलता येतो असा प्रिंटचा कागद) अर्धं पाकीट वाया गेलं. विद्यार्थ्यांना हा कागद परवडत नाही, तरी भाचीसारख्या पोरी पैसे साठवून आणतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सगळ्यात घातक मुद्दा पहिलाच: ‘आकाश गडद करणारा कॅमेऱ्याचा लाल फिल्टर एन्लार्जरच्या लेन्सखाली धरा, प्रिंट कडक येईल.’ (एन्लार्जर म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर टाकणारं यंत्र; कडक म्हणजे जास्त कॉन्ट्रास्टची, काळ्या-पांढऱ्यात ठसठशीत फरक असलेली, मऊ त्याच्या उलट.) अहो, आकाश निळं असतं आणि फिल्मला सगळे रंग दिसतात, म्हणून तिथे लाल फिल्टर काम करतो. निगेटिव्हवर आकाशाला रंगच उरलेला नसतो, असते ती फक्त करडी छटा. शिवाय या कागदाला लाल प्रकाश दिसत नाही. एन्लार्जरच्या लेन्सखाली लाल काच दिलेली असते ती त्याचसाठी: ती आडवी घेऊन, चित्र बघत कागद जागेवर लावायचा, कागदावर काही उमटत नाही. भाचीने एक्स्पोजर (कागदावर प्रकाश पाडण्याची वेळ) दुप्पट केलं, चौपट केलं, कागद पांढराच. डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) मेला असेल असं वाटून तिने चांगला डेव्हलपरही ओतून दिला.

पिवळ्या फिल्टरने ‘थोडा’ कॉन्ट्रास्ट वाढतो, हेही उलटंच. हा कागद निळ्या प्रकाशात कडक उमटतो, हिरव्यात मऊ. पिवळा निळ्याला अडवतो, हिरवा सोडतो. प्रिंट मऊ येते. कडक हवी तर मॅजेंटा (जांभळट गुलाबी) लागतो. तो हिरव्याला अडवतो.

पुढचा दावा: कागदात एक मऊ आणि एक कडक थर असतो, त्यामुळे ०० (सगळ्यात मऊ) आणि ५ (सगळ्यात कडक) नंबरच्या फिल्टरांनी दोन एक्स्पोजरं दिली की एका फिल्टरने कधीच न मिळणाऱ्या छटा मिळतात. मल्टिग्रेड १९४० पासून विकणाऱ्या इलफर्ड कंपनीचं तांत्रिक पत्रक काय म्हणतं बघा. कागदावर तीन इमल्शनांचं (प्रकाशाने काळ्या पडणाऱ्या लेपांचं) मिश्रण असतं. तिन्हींचा कॉन्ट्रास्ट सारखा, निळ्या प्रकाशातला वेगही (संवेदनशीलता) सारखा. फरक आहे तो हिरव्याच्या संवेदनशीलतेत. निळ्यात तिन्ही एकदमच काळी पडतात, म्हणून प्रिंट कडक. हिरव्यात एक आधी, बाकीची मागून, म्हणून छटांचा पल्ला लांबतो. निळा-हिरवा एकत्र आला काय किंवा एकामागून एक आला काय, याने कागदाला फरक पडत नाही. किती आला, एवढंच मोजलं जातं. तेव्हा संपूर्ण प्रिंटला दोन एक्स्पोजरं देऊन जे मिळतं, ते मधल्या एखाद्या फिल्टरनेही मिळतं. हां, आकाश ०० ने बर्न करायचं (जास्त प्रकाश देऊन गडद करायचं) आणि झाडांच्या सावल्या ५ ने, असं भागाभागाने काम करायचं असेल तर ही पद्धत खरंच सोयीची आहे. तेवढं मान्य.

‘फिल्टर बदलला तरी वेळ तीच’ हे अर्धंच खरं. इलफर्डच्या संचात ०० पासून साडेतीनपर्यंत वेळ सारखी, ४ पासून पुढे दुप्पट. तीही एका मधल्या करड्या छटेपुरती जुळवलेली, त्यामुळे टेस्ट स्ट्रिप (योग्य वेळ ठरवायला काढलेली चाचणीची पट्टी) पुन्हा काढावीच लागते.

आणि फिल्टरशिवाय हा कागद चालत नाही? चालतो. साधारण २ ग्रेडची, म्हणजे मध्यम कॉन्ट्रास्टची प्रिंट येते.

भाचीला मी आता एवढंच करायला सांगितलंय: २ नंबरने एक स्ट्रिप काढ, ४ नंबर लावून दुप्पट वेळेची दुसरी काढ, आणि दोन्ही वाळल्यावर शेजारी ठेवून बघ.