आधी दोन चांगले स्पीकर घ्या

होम थिएटरवरच्या लेखातला, दहा बाय बारा फुटांच्या खोलीसाठी थेट ५.१चा (पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर) तयार संच घ्या, हा सल्ला पटला नाही. त्याच पैशात एव्ही रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर) आणि दोन बरे बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणारे छोटे स्पीकर घ्या. सेंटर (संवादांसाठीचा मधला स्पीकर), सबवूफर, मागचे स्पीकर पुढे सवडीने जोडता येतात; तयार संचात बहुतेकदा ती सोय नसते. खोक्यावरच्या पीएमपीओ (क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला) आकड्याला भुलू नका, आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी ताकद किती ते विचारा.

आणि खोलीबद्दल लेखात एक ओळही नाही! आमच्याकडे लादी आणि उघड्या भिंती, त्यामुळे संवाद घुमायचे. जाड पडदे लावले, सतरंजी अंथरली, लगेच फरक कळला. सबवूफर कोपऱ्यात नुसता घोंघावत होता. मग तो उचलून सोफ्यावर, माझ्या बसायच्या जागी ठेवला, ओळखीचं गाणं लावलं आणि भिंतीच्या कडेने रांगत कान देत गेलो. टीव्हीच्या डावीकडे, कोपऱ्यापासून तीनेक फुटांवर तबल्याचा बायाँ स्वच्छ ऐकू आला. सब तिथेच ठेवला, म्हणजे सोफ्यावर बसूनही तसाच ऐकू येतो. रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा खर्ज सबकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करा, छोट्या स्पीकरवरचा ताण कमी होतो.