आत्याच्या लग्नाचे चॅप्टर

व्हीएचएस कॅसेटचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ती कुणाचं ऐकायची नाही. घातली की असेल तिथून सुरू व्हायची आणि सरळ पुढं जायची. मधलंच काही बघायचं तर फीत पळवायची, थांबवायची, 'गेलं, गेलं, मागं घे' असं ओरडायचं. आमच्या घरी तर पळवायलाही बंदी होती. "हेड झिजतं," असं बाबा म्हणायचे. त्यात तथ्य होतं. व्हीसीआरच्या पोटात फीत वाचणाऱ्या हेडचा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो, आणि चित्र दिसत ठेवून पळवलं की अर्धा इंची फीत त्याच्यावर घासत राहते. पण बाबांची बंदी शास्त्रातून आलेली नव्हती, पैशातून आली होती. व्हीसीआर गोव्याहून आणलेला फुनाई. (शेवटपर्यंत व्हीसीआर बनवत राहिलेली कंपनी हीच, तिनंही २०१६ च्या जुलैत हात टेकले.) त्याच्यावर आईनं भरतकामाचा रुमाल घातलेला. रुमाल काढायचा अधिकार फक्त बाबांचा.

त्यामुळं धाकट्या आत्याच्या लग्नाची कॅसेट आमच्या घराण्यानं कायम अखंड बघितली. लग्न १९८८ च्या मे महिन्यात, बेळगावच्या शहापुरात. कॅसेट तीन तासांची, म्हणजे आत जवळजवळ अडीचशे मीटर फीत. सुरुवातीला गणपती, मग गुलाबाचं फूल फिरत फिरत येतं, त्याच्या पाकळ्यांत नवरा-नवरीचा फोटो. मग हळद, रुखवत, हॅलोजनच्या उजेडात डोळे मिचकावणारे वऱ्हाडी. वरातीत नाचलेले धाकटे काका अडीच तासांनी येतात. काका ते अडीच तास मुकाट बसायचे. खानापूरची मावशी पंगतीत मांडे वाढताना एकदाच दिसते, तेही पाठमोरी. तीही बसायची. आपली पाठ येऊन गेली तरी उठायची नाही, कारण मधेच उठणं म्हणजे बाकीच्यांचा अपमान. कोण आधी येतं, कोण नंतर, हे त्या दिवशी कॅमेरावाल्यानं ठरवलं होतं, आणि तो पैसे घेऊन कधीच निघून गेला होता. भांडायचं कुणाशी?

मधे व्हीसीडी आली, पण ती आमच्याकडं पाव्हण्यासारखी येऊन गेली. एका चकतीत ७४ मिनिटं, म्हणजे एका सिनेमाला दोन-तीन चकत्या. नेमकी हिरो वाचणार की नाही अशा वेळी कुणीतरी उठून चकती बदलायची. ते काम माझ्याकडं होतं, म्हणून मला व्हीसीडीबद्दल जास्त बोलवत नाही.

खरी गडबड २००७ ला झाली. मोझर बेअर कंपनीनं त्या सुमाराला व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली, आणि भाड्यानं कॅसेट आणण्यात काही राम उरला नाही. आमच्या गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीवाल्यानं कॅसेटी किलोवर काढल्यासारख्या काढल्या. बाबांनी डीव्हीडी प्लेअर आणला, आईनं रुमाल धुऊन त्याच्यावर घातला. रुमाल चारी बाजूंनी लोंबायला लागला, कारण नवीन पेटी जुनीच्या निम्मीसुद्धा नव्हती. आणि त्याच रविवारी थोरल्या आत्यानं ठरवलं, "धाकटीचं लग्न डीव्हीडीवर घ्यायचं. तिच्या लग्नाला वीस वर्षं होतील आता. तू घे गे मनावर, तू कंप्युटर शिकलीयस."

मी बीकॉम झाले होते. पण आमच्या घरात कंप्युटर म्हणजे प्लग असलेली कुठलीही वस्तू.

कॅसेट कपाटातून काढली तर पारदर्शक खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी पूड दिसली. बेळगावचा पाऊस माहीत असलेल्या माणसाला सांगायला नको; आमच्याकडं जून ते सप्टेंबर चपलेला, पापडाला, पुस्तकाला, सगळ्याला बुरशी येते, तर कॅसेटला का नको? टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ एकजण 'कॅसेट टू डीव्हीडी' करून देतो असं कळलं. माणूस कन्नड, मराठी आपल्यासारखंच बोलणारा, आणि समोर आलेल्या प्रत्येक बाईला अक्का म्हणणारा. त्यानं कॅसेट उजेडात धरली आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढला.

"फंगस आहे बघा अक्का. ही अशीच घातली तर माझ्या मशीनचं हेड जाईल आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटला पण लागेल."

मग त्यानं कॅसेटचे पाच स्क्रू काढले, दोन्ही चक्रं बाहेर घेतली, फीत पुसून कोरडी केली, आणि दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात बसवली. हे सगळं तो फोनवर कुणाला तरी "हौदु, हौदु" म्हणत करत होता. मी मात्र श्वास धरून उभी. आमच्या घराण्याची अब्रू त्याच्या काउंटरवर उघडी पडलेली, आणि बाजूला चहाचा कप.

त्यानंतर कळलं की कॅसेट तीन तासांची असेल तर उतरवायलाही तीन तासच लागतात. घाई चालत नाही. आणि मधे लाईट गेली की पहिल्यापासून. बेळगावात तीन तास सलग लाईट राहील अशी वेळ कुठली, याचा विचार करून तो माणूस रात्री काम करायचा. चार तासांच्या मोडवर घेतलं तर सगळं एकाच डिस्कवर मावेल म्हणाला. चित्र खराब नाही का होणार, असं बाबांनी विचारलं, तर म्हणाला, "साहेब, व्हीएचएसमध्ये मुळात २४० रेघांचा माल. त्याच्यात अजून खराब व्हायला काय राहिलंय?"

इथवर सगळं सोपं होतं. बुरशी पुसता येते, लाईट परत येते. मग त्यानं फोन करून विचारलं, "अक्का, चॅप्टर कुठं कुठं पाडू?"

डीव्हीडीला मेन्यू असतो. मेन्यूत चौकोन असतात, चौकोनात चेहरा. चौकोन दाबला की थेट तिथून चित्र सुरू. मी हे रविवारी जेवणाच्या वेळी सगळ्यांना समजावून सांगितलं. क्षणभर सगळे गप्प. मग धाकटे काका म्हणाले, "म्हणजे मी थेट माझ्या नाचावर जाऊ शकतो?" वीस वर्षं अडीच तास दाबून बसलेला माणूस तो. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

संध्याकाळपर्यंत बातमी निपाणी, चिकोडी, खानापूर, गोकाक अशी सगळीकडं गेली. फोन सुरू झाले. "माझं कुठाय गे त्यात?" मी वही केली. खानापूरच्या मावशीला मांडे वाढतानाचा चौकोन पाहिजे होता, पण पाठमोरा नको. बाई, तुमचं तोंड कॅमेऱ्यात आलेलंच नाही, हे तिला कोण सांगणार? गोकाकच्या वहिनीनं तिकडची मिठाई, करदंट, पाठवलं आणि आपल्या आईचा चौकोन मागितला. चिकोडीच्या मामांनी वेगळंच काढलं. त्यांचा साडूशी शेताच्या बांधावरून दावा चाललेला. साडूला लग्नातून काढून टाकता येईल का, असं त्यांनी विचारलं. दुकानवाला म्हणाला, "येतंय की." पण १९८८ ला दोघांचं असं गूळपीठ होतं की साडू काढला तर मामाही जातात. प्रत्येक फ्रेममध्ये एकमेकांच्या गळ्यात हात.

निपाणीच्या आप्पांनी सर्वांत कमी मागितलं. अंतरपाट त्यांनी धरला होता. "मी दिसायला लागतो तिथून लावा, बास," म्हणाले. मी लिहून घेतलं.

मग मेन्यूची भाषा. गोकाककरांचं म्हणणं कन्नड घालूया, निम्मे पाव्हणे तिकडचे आहेत. आमच्या बाबांचा आवाज लगेच वर गेला. हा विषय निघाला की बेळगावात माणूस ताटावरून उठतो. मोठा सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आमचा एका दुपारी सुटला, कारण दुकानवाल्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीपैकी एकाही भाषेचा फॉन्ट नव्हता. इंग्रजीत होईल म्हणाला. दोन्ही पक्षांनी आपण हरलो नाही असं मानलं आणि करदंट वाटून खाल्लं.

पण इंग्रजीनं दुसरीच आग लावली. एका पानावर सहाच चौकोन मावतात. बाकीचे पुढच्या पानावर, त्याच्या पुढच्या पानावर. पहिल्या पानावर कोण? वयानं लावावं तर खानापूरची मावशी वय सांगेना. नात्यानं लावावं तर व्याह्यांचा नंबर कुठं, यावरून थोरली आत्या आणि आई दोन दिवस बोलेनात. शेवटी दुकानवाला वैतागून म्हणाला, "अक्का, एबीसीडीनं लावतो. शाळेत लावत्यात तसं. कुणाला काही बोलायला जागा नाही."

बोलायला नाही, पण डोकं चालवायला जागा होती. एबीसीडीनं निपाणीचे आप्पा एकदम पहिल्या रांगेत गेले. हे कळल्यावर थोरल्या आत्यानं फोन केला की माझं नाव 'आत्या' असं लिहा, घरचं नाव नको. मावशीला अचानक आठवलं की तिला माहेरी आक्का म्हणायचे. चिकोडीचे मामा 'आमचे चिकोडीचे मामा' झाले. धाकट्या काकांनी तर स्वतःला 'अंकल' करून घेण्याची तयारी दाखवली. त्याचं स्पेलिंग यूनं सुरू होतं हे कळल्यावर दिवसभर उदास होते. मग निपाणीहून आप्पांचा निरोप आला. अगदी शांतपणे. "आप्पा लिहिताना डबल ए लावा."

पहिला चौकोन आप्पांचा झाला. निपाणीच्या तंबाखूच्या धंद्यात माणूस मुरलेला असतो, त्याचं हे उदाहरण.

डिस्क आली त्या दिवशी धाकटी आत्या आणि तिचे यजमान आमच्याकडं जेवायला होते. कुंदा आणला होता. बाबांनी स्वतः रुमाल काढला. मेन्यू आला, आणि पुढचे दोन तास टीव्हीसमोर असा गोंधळ झाला की विचारू नका. रिमोट एकाच्या हातातून दुसऱ्याच्या. काका नाचले, परत नाचले, लगेच परत नाचले. थोरल्या आत्यानं स्वतःला बघितलं आणि रिमोट शेजारी देऊन स्वयंपाकघरात गेली. आपापला चौकोन झाला की माणूस उठत होता. तीन तासांची कॅसेट असताना जे एकत्र बसायचे ते सगळे दहा दहा मिनिटांत मोकळे.

सगळ्यांचं झाल्यावर रिमोट धाकट्या आत्याच्या हातात आला. ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गेली. चाळीसच्या वर चौकोन. काका, मामा, व्याही, बँडवाला, रुखवतातलं साखरेचं तुळशीवृंदावनसुद्धा. परत पहिल्या पानावर आली.

"माझं लग्न कुठाय गे?"

मी वही उघडली. वहीत सगळ्यांच्या मागण्या होत्या. लग्न कुणीच मागितलं नव्हतं. नवरीलाही कुणी विचारलं नव्हतं, कारण तिला ही डिस्क अचानक द्यायची होती.

"पहिल्यापासून लाव की," आत्याचे यजमान म्हणाले. "येईलच कधीतरी."

"आता तीन तास कोण बसणार?" आत्या म्हणाली. "मग डीव्हीडी कशाला केली?"

तेव्हा मला आप्पा आठवले. मी पहिला चौकोन दाबला. पडद्यावर कॉफी रंगाची सफारी आली. रुंद, कॅमेऱ्याकडं पाठ करून, दोन्ही हात वर, हातात अंतरपाट. भटजींचा आवाज सुरू झाला. सफारीच्या डाव्या बाजूनं आत्याच्या मुंडावळ्या हलताना दिसल्या, उजवीकडून यजमानांचा एक कान. पाचही मंगलाष्टकं आप्पांच्या पाठीवर म्हटली गेली. शेवटी 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, त्यातल्या निम्म्या सफारीवर. अंतरपाट खाली आला तेव्हा आप्पा वळून कॅमेऱ्याकडं बघून हसले.

आत्या आता दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला पहिलं पान उघडते आणि आप्पांना दाबते. दुसरा मार्गच नाही. ही गोष्ट कुणीतरी निपाणीला सांगितली. आप्पा तेव्हापासून बाजारात भेटेल त्याला सांगतात की आमच्या बेळगावच्या बहिणीचा माझ्यावर एवढा जीव आहे, की लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याला बाजूला ठेवून मला बघते.