पेटलेल्या तेलावर पाणी ओतू नका

‘जे दाट ते जड आणि जे जड ते पाण्यात बुडतं’ असं सांगणारा एक मेसेज सध्या फिरतोय. चवथीच्या तोंडावर तो फोंड्याच्या माझ्या मावशीने मला पाठवला. वर तिने लिहिलं होतं, ‘नेवऱ्या तळताना लक्षात ठेव.’ ते वाचून मात्र गप्प बसवेना.

कारण त्यातला तिसरा मुद्दा. तेल पाण्यापेक्षा दाट, म्हणून जड. कढईतलं तेल पेटलं तर वरून पाणी ओता, ते तेलावर थर धरेल आणि आग विझेल! असं कुणी खरंच केलं तर हात-तोंड भाजेल, घर पेटेल. गोडेतेलाची एक लिटरची पिशवी हातात घ्या आणि वजन वाचा. ९१० ग्रॅमच्या आसपास असतं. एक लिटर पाणी भरतं जवळपास १००० ग्रॅम. खोबरेलही ९२०च्या घरातलंच. म्हणजे ओतलेलं पाणी वर राहत नाही, थेट तळाशी जातं. तळणीचं तेलच १८० अंशांच्या आसपास तापलेलं असतं, पेटलेलं तर ३००च्या पुढे. पाण्याची तिथे क्षणात वाफ होते, वाफेला पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा लागते, आणि ती पेटतं तेल कढईबाहेर उडवते. म्हणून गॅस बंद करायचा, कढई जागची हलवायची नाही, धातूचं झाकण बाजूने सरकवत ठेवायचं आणि तेल पुरतं निवेपर्यंत उघडायचं नाही.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. मध दाटही आहे आणि जडही, पाण्याच्या सुमारे १.४ पट, हे खरं. पण ग्लासात टाकलेला थेंब तळाला गेला म्हणून मध शुद्ध ठरत नाही. साखरेचा घट्ट पाकही तसाच तळाला जातो.

दाटपणा म्हणजे द्रव किती सावकाश वाहतो, घनता म्हणजे तेवढ्याच जागेत वजन किती. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, तरी पाण्यासारखाच सरसर पळतो. उलट थंडीत बाटलीत गोठलेल्या खोबरेलाचा गोळा पाण्यात टाकून बघा, तरंगतो.

फेणी पाण्यासारखी पातळ म्हणून वजनालाही पाण्याइतकीच, हा शेवटचा मुद्दा तर गोव्यात कुणी पुढे पाठवावा याचंच नवल वाटतं. काजूच्या भट्टीवर फेणीचा कडकपणा ग्राव नावाच्या अंशांमध्ये मोजतात, तो द्रवात तरंगणारी काचेची नळी सोडून. मद्यार्क जितका जास्त तितकी फेणी हलकी आणि नळी तितकी खोल उतरते. फेणी पाण्याइतकीच जड असती तर या नळीने हुर्राक (पहिल्या गाळपाची सौम्य काजूदारू) आणि फेणी वेगळी कळलीच नसती.

मावशीला फोन करून सगळं सांगितलं. तुमच्या गटात हा मेसेज आला असेल तर निदान तेलाच्या मुद्द्याची दुरुस्ती आजच पाठवा, तळणी सुरू व्हायच्या आधी.