पुन्हा धूळ!

कोथरूडमधल्या रीडेव्हलपमेंटची धूळ म्हणजे काय, ते मॉडेल रेल्वेवाल्याला विचारा. रात्री आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ लखलखीत पुसावेत, खिडक्या लावाव्यात, लेआउटवर, म्हणजे मांडलेल्या छोट्या रेल्वेवर, चादर घालावी. सकाळी बोट फिरवलं की राखाडी थर आहेच! शेजारी आणखी एक इमारत पाडायला घेतलीय.

"एवढं काय, फुंकर मारा की," म्हणणारे भेटतात. अहो, आपलं ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटर; १:८७ या मॉडेलच्या प्रमाणात ते १९.२६ येतं. बाजारातला १६.५ चा तयार रूळ इथे चालतच नाही. रुळाखालचे स्लीपर, रूळ धरून ठेवणाऱ्या चेअर, रूळ एकमेकांना छेदतात ते क्रॉसिंग, सगळं हाताने बसवलंय. इंजिनाला वीज मिळते ती रुळांतूनच, धूळ मध्ये आली की ती तुटते. भरधाव एक्सप्रेस वेगाच्या जोरावर धुळीवरून निघून जाईलही, पण दौंड-बारामतीसारख्या ब्रँच लाइनवर शंटिंग, म्हणजे डबे जोडणं-सोडणं, मुंगीच्या पावलाने चालतं. नेमकं क्रॉसिंगवर इंजिन आचका देऊन थांबतं. मग ढकला बोटाने! बोटानेच ढकलायचं होतं, तर पॉइंटची, म्हणजे गाडीचा मार्ग बदलणाऱ्या सांध्याची, ब्लेड कानशीने घासत डोळे का फोडले?

पाडकाम करताना पाणी मारा, हिरवं कापड नीट बांधा. एवढंच रोज सांगतोय, आणि साइटवरचा माणूस रोज "हो साहेब" म्हणतोय.